घाटावरून घाटाखाली, शेकडा पाचच्या उताराने

बुलढाणा जिल्ह्यात आभाळातून बर्फ पडतो तो एकाच रूपात, गारपीट म्हणून. हरभरा सोंगणीला आलेला असतो, गहू ओंबीत भरलेला असतो, आणि नेमका तेव्हाच तो पडतो. तो पाहून कुणी हौसेने अंगणात धावत नाही; दुसऱ्या दिवशी पंचनामा कधी होणार एवढीच चौकशी होते. अशा जिल्ह्यात बसून कॅनडा-अमेरिकेतल्या बर्फाळ गावांनी लेकराबाळांसाठी बांधलेल्या सायकलवाटांबद्दल लिहायचं, म्हणजे नसती उठाठेव वाटेल. पण त्या गावांकडे बर्फ वजा केला की जे उरतं, ते बुलढाण्याकडे भरपूर आहे. ते म्हणजे उतार.

या जिल्ह्याचे दोन भाग इथल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाहीत. घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. हवामानापासून निवडणुकीच्या गणितापर्यंत सगळं याच दोन शब्दांत मोजलं जातं. मधे अजिंठ्याची डोंगररांग. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६४० मीटरवर, तर मलकापूर २५० च्या आसपास. म्हणजे राजूर घाटातून उतरणारी एसटी चारशे मीटरच्या घरात खाली येते. घाटाखाली उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा वर बुलढाण्यात तेवढा जाच नसतो. इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं वर नेलं यात नवल नाही.

हा चारशे मीटरचा आकडा लक्षात ठेवावा. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही तरण्याबांड पोरांनी जुन्या, जड सायकली डोंगरावर चढवून एका मातीच्या रस्त्याने खाली पिटाळायला सुरुवात केली. त्या रस्त्याचा एकूण उतार जवळपास तेवढाच, चारशे मीटर. तो त्यांनी साडेतीन किलोमीटरच्याही आत संपवायचा. मागच्या चाकातला पायडल उलटा मारून लागणारा ब्रेक इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा, आणि खाली पोहोचल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. इंग्रजीत त्याला ‘रिपॅक’ म्हणतात, म्हणून शर्यतीचं नावच ‘रिपॅक’ पडलं. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही मंडळी त्यातलीच. डोंगरी सायकलीचा धंदा या धुरातून उभा राहिला. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये तिची शर्यतही झाली.

स्कीची गावं या खेळाकडे वळली त्यात हौस होती तसा हिशेबही होता. डोंगराच्या माथ्यापर्यंत माणसं नेणाऱ्या पाळण्यांवर अफाट पैसा घातलेला, आणि ते पाळणे चालणार वर्षातले चार-पाच महिने. बर्फ वितळला की हॉटेलं ओस. मग पाळण्याच्या मागे सायकल अडकवायची सोय झाली. कॅनडातल्या व्हिसलर या प्रसिद्ध स्की-गावात १९९९ मध्ये बाइक पार्क सुरू झालं. अमेरिकेत सरकारी जंगलातल्या स्की-केंद्रांना उन्हाळी खेळांसाठी परवानगी देता यावी म्हणून २०११ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. बर्फाचा भरवसा कमी होत गेला तशी ही गरज वाढली. आपल्याकडेही २०२५ मध्ये गुलमर्गला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलाव्या लागल्या.

या गावांच्या पहिल्यावहिल्या वाटा मात्र रिपॅकच्याच वळणाच्या होत्या. स्कीच्या घसरगुंडीची जागा किंवा पाळण्याच्या दुरुस्तीसाठी केलेला रस्ता. दोन्ही सरळ खाली. त्यावर धीट पोरं उतरायची, बाकीचे खाली कॉफी पीत थांबायचे. हळूहळू मालकांच्या ध्यानात आलं की धीट पोरगा एकटा येतो आणि सोबत डबा आणतो, तर कुटुंब आलं की चार जण येतात, राहतात, जेवतात आणि पुढच्या वर्षी परततात. तिथून वाटांची प्रतवारी सुरू झाली, आणि खुणाही स्कीकडूनच उचलल्या. हिरवं वर्तुळ म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर.

१९८८ मध्ये अमेरिकेत डोंगरी सायकलवाल्यांची एक संघटना निघाली, ‘इम्बा’ या नावाने ती ओळखली जाते. तिने या खुणांना मापं जोडली. हिरव्या वाटेची रुंदी ९० सेंटीमीटरपेक्षा कमी नको, सरासरी उतार शेकडा पाचपेक्षा जास्त नको. म्हणजे शंभर मीटर गेल्यावर पाच मीटर खाली. आता आपला आकडा घ्या. घाटावरून घाटाखाली चारशे मीटर उतरायचं आणि शेकडा पाच पाळायचे, तर वाट आठ किलोमीटर लांब होते. रिपॅकवाल्यांनी साडेतीनच्या आत संपवलेला उतार इथे आठात पसरायचा. कुटुंबासाठी वाट करणं म्हणजे मुख्यतः हे पसरणं. त्याला ना पाळणा लागतो, ना लाकडी पूल, ना हवेत उडवणारे उंचवटे. लागते ती डोंगराच्या अंगाने वळत जाण्याची तयारी आणि घाई न करण्याची अक्कल.

आणि लागतं पाण्याचं भान. सगळी ग्यानबाची मेख इथे आहे.

डोंगरावरची वाट सायकलींनी जेवढी खराब होत नाही तेवढी पावसाने होते. सरळ खाली जाणाऱ्या गाडवाटेचा चार पावसाळ्यांत नाला झालेला विदर्भात कुणी पाहिला नाही? पाणी आळशी असतं, तयार वाट मिळाली की तीच धरतं. म्हणून वाटा बांधणारे एक साधा नियम पाळतात. डोंगराच्या त्या जागच्या उताराच्या निम्म्यापेक्षा वाटेचा उतार जास्त ठेवायचा नाही. डोंगर शेकडा वीस असेल तर वाट दहाच्या आत. दुसरा नियम, वाटेचा तळ दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवायचा, शेकडा पाचच्या आसपास, म्हणजे वरून आलेलं पाणी वाट ओलांडून पसरून खाली जातं, तिच्यातून धावत नाही. तिसरा, उतरत्या वाटेला मधूनमधून छोटा चढ द्यायचा. तिथे पाणी अडतं आणि बाजूला निघून जातं. सायकलवरच्या पोराला तोच झोका वाटतो. एकाच मातीच्या फुगवट्याने निचराही होतो आणि मजाही, हे या विद्येतलं मला सर्वांत आवडलेलं कलम.

परदेशात हे शिकवायला शिबिरं भरतात. बुलढाणा जिल्ह्यात मात्र समान उंचीची रेषा डोंगरावर कशी काढायची हे हजारो हातांना आधीच ठाऊक आहे. पाणलोटाच्या कामात सलग समतल चर, ज्याला गावात कुणीही ‘सीसीटी’ म्हणतं, ते खणण्यापूर्वी ए-फ्रेम किंवा हायड्रोमार्कर घेऊन फक्कीने रेषा आखावी लागते. २०१८ च्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातल्या सिंदखेड गावाने राज्यात दुसऱ्या क्रमांकाचा मान मिळवला. (जिजाऊंचं सिंदखेड राजा वेगळं, ते घाटावर.) भर एप्रिल-मे महिन्यात, घाटाखालच्या उन्हात, बाया-माणसांनी कुदळ-फावडं-घमेलं घेऊन केलेलं ते काम होतं. त्याच सुमारास भारतीय जैन संघटनेने जिल्ह्यात गाळ काढण्याचं मोठं काम केलं. महामार्गाला लागणारा मुरूम टेकड्या फोडून न घेता नाले आणि तलाव खोल करून घ्यायचा, म्हणजे रस्ताही होतो आणि पाणीही साठतं, ही रीत तर देशभर ‘बुलढाणा पॅटर्न’ याच नावाने गेली. रस्ता आणि पाणी यांना एकत्र बसवण्याचा अनुभव ज्या जिल्ह्याच्या नावावर आहे, त्याला सायकलवाटेची विद्या परकी वाटायचं कारण नाही.

एक फरक मात्र सांभाळायला हवा. चराचं काम पाणी धरून ठेवण्याचं आणि वाटेचं काम ते चटकन सोडून देण्याचं. दोन्हींची रेषा डोंगराला जवळपास सारखीच लपेटते, हेतू उलटे. म्हणून दोन्ही एकमेकांना पूरक करता येतात. वाटेने टाकलेलं पाणी खालच्या चराने झेलावं. असं केलं तर सायकलवाट पाणलोटाच्या कामाचाच भाग होते, आणि ग्रामसभेत ‘हे शहरी चोचले कशाला’ असं विचारणाऱ्याला उत्तरही मिळतं. फक्त चर वाटेला खेटून नको. पोरगं घसरलं तर गवतात पडलं पाहिजे, खड्ड्यात नव्हे.

माती कोणती, हाही प्रश्न आहे. जिल्ह्यातली काळी भारी जमीन कपाशी-सोयाबीनला उत्तम, सायकलला वैरीण. पावसात ती चाकाला अशी चिकटते की मडगार्ड आणि टायरच्या मधे गोळा होऊन चाक फिरायचंच थांबतं. उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात टायर रुततो. वाट करायची ती डोंगरकडेच्या मुरमाड बरड जमिनीवर. मुरूम ओलसर असताना चोपला तर छान बसतो, म्हणून काम दसरा-दिवाळीच्या सुमाराला, जमिनीत ओल असताना करावं. आणि सराटे! शहरातून आलेल्या महागड्या सायकलीचा माज पहिल्या सराट्याला उतरतो. बाभळीचे काटे वेगळेच. वाटेवर पंक्चर काढणारा माणूस ही चैनीची बाब नाही, पाण्याच्या माठाइतकीच गरजेची आहे.

आता जागा. इथे उत्साही मंडळींचं पहिलं बोट ज्ञानगंगा अभयारण्याकडे जाईल. बुलढाणा-खामगाव रस्त्यावर, बोथ्याचा घाट, डोंगर, झाडी, तलाव, सगळं तयार. माझं मत स्पष्ट आहे. तिथे सायकलवाट नको. सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झालं आणि ते अस्वलांसाठी ओळखलं जातं. बिबटेही आहेत. २०१९ च्या शेवटी यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला, गळ्यात कॉलर असलेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटर भटकून इथेच येऊन पोहोचला होता. अभयारण्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी सायकलची एक अडचण उरते. ती आवाज करत नाही. चालणारा माणूस बोलत, पाचोळा वाजवत जातो. उतारावरची सायकल वळणावरून एकदम समोर येते. वारूळ उकरण्यात दंग असलेलं अस्वल मुळात दृष्टीला अधू, दचकलं की पळत नाही, तोंडावर झेपावतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळ एक अनुभवी सायकलस्वार वळणावर थेट ग्रिझली अस्वलावर आदळला आणि जिवाला मुकला. दहा वर्षांच्या मुलीला घेऊन जायच्या वाटेवर हा जुगार खेळायचा नाही. संग्रामपूर तालुक्यातलं अंबाबरवा तर मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग, त्याचा विचारही नको.

लोणारचंही तेच, कारण वेगळं. १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर बेसॉल्टमध्ये उल्केच्या आघाताने झालेलं. त्याच्या कडेला उचलले गेलेले, उलटेपालटे झालेले दगड हीच त्याची साक्ष आहे. २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्या कडेवर कुदळ मारणं म्हणजे ग्रंथाच्या पानावर रस्ता काढणं. कडेबाहेरच्या आहे त्या रस्त्यांवरून, गावातून, दैत्यसूदन मंदिराजवळून सायकलने फिरावं, बस्स. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पुरा झाल्यापासून मेहकरला उतरून लोणारला येणं सोपं झालंय. त्या महामार्गावर सायकलीला मज्जाव आहे, हा भाग निराळा.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. वऱ्हाडात गावोगावी ‘ई-क्लास’ म्हणून ओळखली जाणारी सरकारी जमीन आहे, बहुतेक चराईची, बरीचशी माळरान आणि टेकड्यांची. घाटाच्या कडेला, अभयारण्याच्या हद्दीपासून लांब, जिथे पाणलोटाचं काम झालेलं आहे अशा टेकड्या शोधाव्यात. जोडीला पांदण रस्ते. शेतरस्त्यांसाठी २०२१ मध्ये राज्याने मातोश्रींच्या नावाने योजनाच काढली. टेकडीवर तीन-चार किलोमीटरची हिरवी वाट आणि तिला गावाशी जोडणारी पांदण, एवढ्याने सुरुवात होते. पूर्ण आठ किलोमीटरचा घाट पहिल्याच वर्षी उतरवायचा हट्ट धरू नये.

ई-क्लासवर पहिला हक्क गुरांचा. शेळ्या-मेंढ्या वाटेची कड ढासळवणार, हे गृहीत धरून कड रुंद ठेवावी. परदेशात नियम असतो की सायकलने पायी माणसाला आणि घोड्याला वाट द्यावी. इथे तो म्हशीपासून सुरू करावा. सरपणाची मोळी डोक्यावर घेतलेल्या बाईला बाजूला सरकायला लावणारी वाट गावात टिकणार नाही, आणि टिकूही नये.

सायकल कुणाची, या प्रश्नात मी सर्वांत जास्त अडकलो. माप इम्बाचं घेतलं तरी ते गिअर असलेल्या, डिस्क ब्रेकच्या सायकलचं माप आहे. बुलढाण्यात रोज सर्वांत जास्त तंगडतोड करणारी सायकल शाळकरी मुलीची आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना राज्य सरकार सायकली देतं आणि बुलढाणा जिल्हाही त्यात आहे. बिनागिअरची, पुढे टोपली, मागे कॅरिअर, रबराचे ब्रेक. या सायकलवर शेकडा पाचचा लांबच लांब चढ दप्तर घेऊन चढणं म्हणजे शिक्षा, आणि उतरताना ब्रेकची रबरं झिजून जातात. म्हणून इथली हिरवी वाट त्यांच्या हिरव्या वाटेपेक्षाही सौम्य हवी. सरासरी शेकडा तीन, जास्तीत जास्त आठ-दहा आणि तेही वीस-पंचवीस मीटरपुरते. चारशे मीटर उतरायला मग तेरा-चौदा किलोमीटर लागतील. लागू देत. ज्या पिढीने नळीखालून पाय घालून कैची मारत सायकल शिकली, तिला लांबच्या वाटेचं भय नाही.

या मोजमापाचं एक दुखणं असं की ते शर्यतवाल्यांना रुचणार नाही. भारतात डोंगरी सायकल म्हटलं की शर्यतच डोळ्यांपुढे येते. लेहला २०२२ मध्ये जागतिक एलिमिनेटर स्पर्धा झाली. केरळात पोनमुडीला २०२३ मध्ये आशियाई अजिंक्यपद भरलं. दोन्ही अभिमानाच्या गोष्टी. पण शर्यतीची वाट चार दिवस गाजते. कुटुंबाची वाट दर रविवारी लागते. महाराष्ट्राने नाशिकच्या महाजन बंधूंसारखे, २०१५ मध्ये अमेरिका आरपार करणारे सायकलपटू दिलेत. आठ वर्षांच्या पोराला वाहनांच्या भीतीविना सायकल चालवता येईल असे दोन किलोमीटर मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी शोधावे लागतात.

राहता राहिली देखभाल. वाट खणणं सोपं, ती दर पावसाळ्यानंतर पुन्हा हाताखालून घालणं कठीण. व्हिसलरच्या डोंगरात बाइक पार्क येण्याच्या दहा वर्षं आधी, १९८९ मध्ये, तिथल्या सायकलवाल्यांनी स्वतःची संघटना काढली होती आणि पार्कबाहेरच्या वाटांवर तिचे स्वयंसेवक आजही कुदळ चालवतात. वेल्समधलं कोएड-अ-ब्रेनिन हे याहून बोधप्रद. तिथे ना स्की, ना पाळणा. सरकारी वनखात्याच्या जंगलात १९९० च्या दशकात ब्रिटनमधल्या पहिल्या, खास बांधलेल्या सायकलवाटा झाल्या आणि त्यांच्या जिवावर आसपासची गावं कमावती झाली. २०२५ च्या मार्चअखेर पैशांअभावी तिथलं उपाहारगृह आणि दुकान सरकारी यंत्रणेने बंद केलं. वाटा खुल्या राहिल्या. इमारत आधी बांधणाऱ्या आपल्या पर्यटन विकासाने यातला क्रम ध्यानात घ्यावा. आपल्याकडे आधी कमान उभी राहते, मग सेल्फी पॉइंट, मग फलकावर नावं, आणि वाट कंत्राटात ‘इतर कामे’ या सदरात.

स्वयंसेवक मिळतील का, हा प्रश्न निदान या जिल्ह्यात विचारू नये. शेगावात गजानन महाराज संस्थानात सेवाधारी पाळी लावून झाडलोट करतात, पंगती वाढतात. शिस्तीची आणि स्वच्छतेची उदाहरणं लोक तिथली देतात. पंढरपूरहून परतणाऱ्या पालखीबरोबर खामगाव ते शेगाव पायी चालायला दरवर्षी अलोट गर्दी लोटते. ज्या मातीत सेवेला पाळी लागते, तिथे पावसाळ्यानंतरचे दोन रविवार कुदळ धरायला माणसं नाहीत असं म्हणणं आळशीपणाचं आहे. त्यांना फक्त बोलावणारा हवा, आणि त्या कामाचा मान ठेवणारा.

दिवाळीला गावी आलेल्या वाचकांना एवढंच सांगायचं आहे. तुमच्या गावची टेकडी पाहून या, चर कुठे आहेत, ई-क्लासची हद्द कुठे आणि वनखात्याची कुठून लागते ते तलाठ्याकडे नकाशावर बघा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय मांडा. ठरावात वाटेची लांबी लिहिण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: गुरांचा हक्क अबाधित, अभयारण्याच्या बाहेर, आणि दर वर्षी दसऱ्यानंतर दुरुस्ती कोण करणार त्यांची नावं. शेवटचं कलम रिकामं राहिलं, तर त्या वर्षी वाट खणू नका.